वजन किलोत, आणि मोजूनच

अमेरिकेतील एका रुग्णालयाच्या औषध विभागात मी चौदा वर्षे काम करते आहे. येथील माझ्या पहिल्याच हिवाळ्यात समोर आलेली एक नोंद मी अजून विसरलेले नाही. तापाने दाखल झालेल्या तीन वर्षांच्या मुलाचे वजन संगणकावर ३३ किलो असे लिहिलेले होते, आणि त्यावरून पॅरासिटामॉलची मात्रा किलोमागे १५ मिलिग्रॅम या हिशोबाने ४९५ मिलिग्रॅम निघाली होती. तीन वर्षांचे मूल ३३ किलोचे कसे असेल, एवढ्याच शंकेवरून मी वॉर्डात फोन केला. मूल ३३ पौंडांचे होते, म्हणजे १५ किलोचे, आणि त्याला २२५ मिलिग्रॅम पुरेसे होते. काट्याने आकडा बरोबर दाखवला होता, परिचारिकेने तो बरोबर वाचला होता, संगणकाने गुणाकारही अचूक केला होता. चुकले होते ते आकड्यापुढचे एकक.

ही चूक येथे नवी नाही आणि दुर्मीळही नाही. पौंडांचा आकडा किलोच्या रकान्यात गेला की मात्रा २.२ पट होते. उलट, आधीच किलोत असलेला आकडा पौंड समजून पुन्हा भागला की औषध निम्म्याहूनही कमी जाते. जास्त गेलेले औषध निदान बऱ्याचदा लक्षणांतून ओरडते. कमी गेलेले प्रतिजैविक किंवा रक्त पातळ करणारे औषध मात्र गुपचूप अपुरे पडते आणि दोष आजाराच्या माथी जातो. मुलांच्या बाबतीत धोका अधिक असण्याचे कारण असे की बालरुग्णांत जेमतेम ६०० ग्रॅमच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळापासून ८० किलोच्या किशोरापर्यंत सगळे येतात, त्यामुळे ३३ हा आकडा स्वतःहून खटकत नाही. दहा वर्षांच्या मुलाचे ते अगदी योग्य वजन असते. मोठ्या माणसांच्या अनेक औषधांना कमाल मर्यादा असते, पण तीही पूर्ण संरक्षण देत नाही. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे अल्टेप्लेज किलोमागे ०.९ मिलिग्रॅम आणि जास्तीत जास्त ९० मिलिग्रॅम देतात. १५० पौंडांच्या, म्हणजे ६८ किलोच्या रुग्णाला ६१ मिलिग्रॅम हवे असते. त्याचे वजन १५० किलो असे नोंदले गेले तर मर्यादा लागूनही ९० मिलिग्रॅम जातील, आणि या औषधाचा अतिरेक म्हणजे मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती.

हे येथील जाणत्या संस्थांना ठाऊक नाही असे मुळीच नाही. रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००८ सालीच बालरुग्णांचे वजन किलोत नोंदवण्याचा सल्ला दिला, आणीबाणी विभागातील परिचारिकांच्या संघटनेने तीच भूमिका घेतली, आणि औषधसुरक्षेसाठी काम करणाऱ्या इन्स्टिट्यूट फॉर सेफ मेडिकेशन प्रॅक्टिसेस या संस्थेने २०१४ पासून आपल्या शिफारशींत ते ठळकपणे मांडले. या शेवटच्या शिफारशीला दोन भाग आहेत, आणि मला सांगायचे आहे ते त्या दोन भागांबद्दलच. पहिला भाग असा की वजन प्रत्यक्ष करावे, नातेवाइकांनी सांगितलेले, अंदाजाचे किंवा जुन्या कागदावरचे घेऊ नये. दुसरा भाग असा की ते केवळ मेट्रिक एककात मोजावे, दाखवावे आणि नोंदवावे.

अमेरिका दुसऱ्या भागात अडखळते. १९७५ साली येथे मेट्रिक पद्धतीचा कायदा झाला, पण तो ऐच्छिक होता. त्यासाठी नेमलेले मंडळ १९८२ मध्ये बंदही झाले. त्यामुळे घरातला काटा पौंडात आणि औषधाचे सूत्र किलोत, असे दोन हिशोब एकाच खोलीत नांदतात. कित्येक काट्यांवर पौंड आणि किलो यांची अदलाबदल करणारे बटण असते, आणि गर्दीच्या वेळी कोणाचा तरी हात त्यावर पडतो. नवजात बाळांचे वजन पौंड आणि औंसांत सांगण्याच्या प्रथेने आणखी एक खड्डा तयार होतो: सात पौंड आठ औंस म्हणजे साडेसात पौंड, ७.८ पौंड नव्हे. माझे सहकारी म्हणतात की आईवडिलांना किलो कळत नाही. आईवडिलांना पौंडांचे कार्ड जरूर द्यावे, पण काटा किलोवर कायमचा बांधून टाकावा आणि संगणकाच्या रकान्यात दुसरे एकक उमटूच देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. प्रत्येकाने दरवेळी सावध राहावे यावर विसंबलेली व्यवस्था रात्री तीन वाजता टिकत नाही.

सुट्टीत सांगलीला गेले की ही गोष्ट ऐकून घरचे चकित होतात. एवढा पुढारलेला देश आणि अजून पौंडात, असे काका दरवेळी म्हणतात, आणि त्यांचा अभिमान अनाठायी नाही. १९५६ चा मेट्रिक मापांचा कायदा करून, १९५८ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने शेर, मण आणि रत्तल मागे सारणे हे इतक्या मोठ्या आणि त्या काळी बहुतांशी निरक्षर देशाने केलेले अवघड काम होते. माझ्या आजीच्या पिढीत बाळ सात पौंडांचे झाले असे सांगत. आज आडगावची आशाताईसुद्धा कमी वजनाचे बाळ ओळखण्याची अडीच किलोंची मर्यादा जाणते. ताप अजून आपण फॅरनहाइटमध्ये आणि उंची फुटांत सांगतो, पण ताप १०२ आहे की ३८.९ यावरून औषधाचा गुणाकार होत नसल्याने त्याची मला फारशी काळजी वाटत नाही.

मला काळजी वाटते ती शिफारशीच्या पहिल्या भागाची, म्हणजे वजन प्रत्यक्ष करण्याची. औषधे जेनेरिक नावाने लिहावीत का, डॉक्टरांचे अक्षर सुवाच्य असावे का, यावर आपल्याकडे वर्षानुवर्षे वाद चालतो. २०१६ मध्ये त्याबाबत नियमात दुरुस्ती झाली, २०२३ मध्ये नवी नियमावली येऊन काही आठवड्यांत स्थगितही झाली. हा वाद महत्त्वाचा आहे. पण मुलाच्या चिठ्ठीवर वजनाचा आकडा लिहिलेला आहे का, असे विचारणारा मला त्यात क्वचितच भेटला. अनेक दवाखान्यांत काटा असतो, पण रांग मोठी असते, आणि मग वयावरून अंदाज केला जातो. वयावरून वजन काढण्याची सूत्रे चांगल्या पोसलेल्या मुलांवरून बसवलेली आहेत. मेळघाटातल्या किंवा नंदुरबारातल्या हडकुळ्या मुलाला ती जास्तीची मात्रा देतील, म्हणजे ज्याच्या शरीराला औषध पेलणे सर्वांत अवघड त्यालाच. अंगणवाडीत दरमहा वजन होऊन वाढीच्या तक्त्यावर ठिपका पडतो. तो तक्ता दवाखान्यात नेला तरी बरेच साधेल.

त्यात आपल्याकडे पॅरासिटामॉलचे सिरप पाच मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅमचे मिळते, २५० चेही मिळते, आणि तान्ह्यांसाठीचे थेंब एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅमचे असतात. चमचाभर १२० चे सिरप आणि चमचाभर थेंब यांत चौपटीचे अंतर पडते. पौंड न सोडणाऱ्या अमेरिकेत उत्पादकांनी २०११ मध्ये बाळांचे आणि मुलांचे द्रव औषध एकाच ताकदीचे, पाच मिलिलिटरमध्ये १६० मिलिग्रॅमचे करण्याचे ठरवले, आणि बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये चमचे सोडून मिलिलिटरच वापरण्याची भूमिका घेतली. हे आपल्याला घेण्यासारखे आहे.

मागच्या पावसाळ्यात धाकट्या बहिणीचा रात्री फोन आला. भाच्याला ताप होता आणि तिला किती औषध द्यायचे ते विचारायचे होते. वजन किती, असे मी विचारले. ती म्हणाली, "दहा-बारा असेल गं, ताई." बाटली थेंबांची की सिरपची हेही तिला दिव्याखाली नेऊन वाचावे लागले. मी दहाच धरून मात्रा सांगितली आणि सकाळी डॉक्टरांकडे त्याला काट्यावर ठेवायला सांगितले. तो ९.४ किलो भरला. आता त्याच्या लसीकरणाच्या कार्डाच्या मागच्या पानावर ती दर दोन महिन्यांनी तारीख आणि वजन लिहिते, आणि त्या पानाचा फोटो मला पाठवते.