तीन रविवारांची पेरणी

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या आमच्या घरामागं परडं आहे आणि परड्याला एक भिंत. कागदोपत्री ती माझी आहे. जून लागला की ताबा शेवाळाकडं जातो.

पंचगंगेच्या पुराचं एक बरं आहे. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका. माणूस आवराआवर तरी करतो. भिंत रात्री राखाडी असते आणि सकाळी चहा घेऊन मागं जावं तर हिरवीगार.

गेल्या पावसाळ्यात त्या भिंतीच्या कडेनं जाताना मी सपशेल आडवा झालो. पायात कातडी पायताण होतं. पावसात कोल्हापुरी घालायची नसते हे मला कळतं, पण दारात सापडलं ते सरकवलं. शेजारचे तात्या गच्चीवरून बघत होते. "लागलं का?" हे त्यांनी नंतर विचारलं. आधी विचारलं, "कुठला डाव टाकला रं?" खासबागेच्या कुस्ती मैदानाजवळ राहण्याचे हे तोटे.

मग मी सूडाला पेटलो. तीन रविवार भिंत खरवडली. खुरपं झालं, तारेचा ब्रश झाला, स्वयंपाकघरातलं उलथनं झालं. (उलथन्यावरून पुढं जे झालं ते घरातच राहू दे.) दिवाळीपर्यंत हिरवा गालिचा पहिल्यापेक्षा दाट, आणि आयुष्यात कधी नव्हता तो पायरीवरही.

दिवाळीला भाची आली. ती वनस्पतिशास्त्र शिकते. फराळ सोडून भिंग घेऊन भिंतीला नाक लावून उभी राहिली.

"मामा, हे हायोफिला इन्व्होल्युटा. चुना-सिमेंटच्या भिंतीवर हमखास असतंय."

"असू दे. पाडलंय मला त्यानं."

"त्यानं न्हाई पाडलं. तू घसरलास ते खालच्या फरशीवरच्या बुळबुळीत शैवालावर. हे मॉस. दोन्ही वेगळी."

आम्ही दोघांनाही शेवाळच म्हणत आलोय. म्हणजे तीन रविवार मी निरपराध्याला बडवत होतो.

मारून तरी काय साधलं? याला खरी मुळं नसतात, नुसते धाग्यासारखे मूलाभ. भिंतीला चिकटून राहण्यापुरते. पाणी पानांनीच प्यायचं. तुटलेल्या तुकड्यातून नवं रोप उगवतं, शिवाय पानांच्या बेचक्यात बारीक कळ्या धरतात, त्या गळून पडल्या की तिथंही रुजतात. "तू खरवडलं न्हाईस मामा, पेरलंस," भाची म्हणाली. आमच्या घराण्यात शेती नाही, त्यामुळं हे पहिलंच पीक.

"घालवायचं असलं तर वरची पन्हाळ गळतीय ती बंद कर." पन्हाळीचा मिस्त्री गुढीपाडव्यापासून 'उद्या' येतोय. तेव्हा तो विषय तिथंच संपला.

मार्चमध्ये भिंत वाळून तपकिरी झाली. मी मनातल्या मनात तेराव्याची तयारी केली होती, पण भाचीनं सांगून ठेवलेलं: "वाळलं की पानं आत मिटून घेतंय, मरत न्हाई. पाणी शिंपडून बघ."

बघायचं नव्हतं. पण रात्री साडेदहाला झोप येईना, म्हणून तांब्या घेऊन परड्यात गेलो. मोबाईलची बॅटरी लावली, दोन ओंजळी मारल्या आणि उकिडवा बसलो. थोड्या वेळात ती मिटलेली पानं एकेक करून उलगडायला लागली, तपकिरीचं हिरवं व्हायला लागलं. मी आणखी एक ओंजळ मारली.

मागचं दार वाजलं.

"अहो," बायको म्हणाली, "तुळस पुढच्या अंगणात आहे."