हक्क कायद्यात, सही हक्कसोडीवर

माझी भाची गोव्यात कायद्याचं शिक्षण घेते. अलीकडे तिच्या वर्गाची काही वकिलांशी आणि एका निवृत्त न्यायाधीशांशी चर्चा झाली. विषय होता नागरी हक्क आणि सरकारी धोरण. तिने मला रेकॉर्डिंग पाठवलं आणि इथे इंग्लंडमधल्या स्विंडनमध्ये कामावर जाता-येता बसमध्ये मी ते पूर्ण ऐकलं. मुलं तयारीने आली होती. जमीन रूपांतर, ग्रामसभेचे अधिकार, खाणी, सगळं निघालं. पण सर्वांत जास्त वेळ गेला तो समान नागरी कायद्यावर. साहजिकच आहे. उत्तराखंडचा कायदा जानेवारी २०२५ मध्ये लागू झाला, तेव्हापासून कुठेही हा विषय निघाला की लोक गोव्याकडे बोट दाखवतात, कारण तिथे पोर्तुगीज काळापासून सर्व धर्मांना एकच नागरी कायदा आहे असं मानलं जातं.

एका मुलीने थेट विचारलं की, १८८० च्या पोर्तुगीज फर्मानात बायकोला तिसाव्या वर्षापर्यंत मुलगा झाला नाही तर हिंदू पुरुषाला दुसरं लग्न करायची मुभा आहे, मग याला समान कायदा कसं म्हणायचं? ती तरतूद आता कुणी वापरत नाही, असं उत्तर मिळालं. मुलगी म्हणाली, "मग काढून का टाकत नाही?" ऐकून मला फार बरं वाटलं.

तरीही एक प्रश्न कुणी विचारला नाही आणि माझ्या मते तोच सगळ्यांत महत्त्वाचा आहे. हा कायदा गोव्यातल्या बाईला जो हिस्सा देतो, तो शेवटी तिच्या हातात राहतो का?

कायदा देतो भरपूर. पोर्तुगालची १८६७ ची नागरी संहिता १८७० पासून गोव्यात लागू झाली. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता लग्नाबरोबर एक होते, दोघांचा अर्धा-अर्धा वाटा. घर विकायचं तर दोघांच्या सह्या लागतात. आईवडिलांना मृत्युपत्राने फक्त आपल्या अर्ध्या मालमत्तेची मनाजोगी वाटणी करता येते. उरलेली अर्धी मुलांची, त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. खुद्द पोर्तुगालने ती संहिता १९६७ मध्ये बाजूला ठेवून नवी आणली. आपण वारसाहक्काचा भाग २०१२ च्या गोव्याच्या स्वतंत्र कायद्यात नव्याने लिहिला, मुलींचा हिस्सा मात्र तसाच ठेवला. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर सांगितलं की, गोमंतकीयाची गोव्याबाहेरची मालमत्ताही याच नियमाने वाटली जाईल.

याची किंमत मला इथे कळली. मी एका सॉलिसिटरच्या ऑफिसात काम करते, मृत्युपत्रांच्या फायली माझ्याकडे असतात. इंग्लंडमध्ये माणूस आपलं सगळं कुणालाही देऊन जाऊ शकतो. बायकोच्या पदरात काही पडलं नाही तर १९७५ च्या कायद्याखाली तिला कोर्टात जावं लागतं, तेही मृत्युपत्राचं प्रोबेट, म्हणजे त्याला कोर्टाची मान्यता, निघाल्यापासून सहा महिन्यांत, आणि किती द्यायचं ते न्यायाधीश ठरवतो. साठी उलटलेली एक बाई आमच्याकडे आली होती. घर एकट्या नवऱ्याच्या नावावर, आणि त्याने ते पहिल्या लग्नाच्या मुलाला दिलेलं. तिचा दावा भक्कम होता, पण जन्मभर जे घर सांभाळलं त्यातला वाटा तिला मागावा लागत होता. गोव्यात तिला तो मागावाच लागला नसता. त्या दिवशी मला आपल्या कायद्याचं खरंच कौतुक वाटलं.

पण इथल्या कायद्यातली एक गोष्ट आपण उचलण्यासारखी आहे. नवऱ्याच्या धंद्याच्या कर्जासाठी बायको आपला घरातला वाटा तारण ठेवत असेल, तर तिला आधी वकिलाचा सल्ला मिळाला आहे याची खात्री बँकेने करून घ्यायची असते. वकिलाने तिला समोर बसवून, नवरा खोलीत नसताना, साध्या भाषेत सांगायचं असतं की या सहीने तुझं काय जाऊ शकतं. २००१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या इथल्या सर्वोच्च न्यायालयाने, एट्रिज खटल्यात हे घालून दिलं. त्यामागचं कारण अगदी घरगुती आहे: बाई कधी प्रेमापोटी, कधी दबावापोटी सही करते आणि बाहेरून दोन्ही सह्या सारख्याच दिसतात.

आता आपल्याकडची हक्कसोड बघा. आईवडील गेले की भाऊ कागद तयार करतात आणि बहिणी सब-रजिस्ट्रारकडे जाऊन वारसाहक्क सोडल्याची सही करतात. नवऱ्याची संमती लागते म्हणून जावईही सही करतात. माझी मावशी रोज मराठी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते. तिचा दस्त इंग्रजीत होता. भाचा पानं उलटत गेला, बोट ठेवत गेला, ती सही करत गेली. नंतर सगळ्यांनी मिळून चहा घेतला, कुणी आवाज चढवला नाही. काही महिन्यांनी तिने मला फोनवर विचारलं, "त्या कागदात घरामागचं भाट पण होतं का गे?"

होतं. नारळाचं अख्खं भाट, म्हणजे सगळी बागच.

सही का केली असं मी तिला विचारलं नाही, कारण उत्तर मला माहीत आहे. चवथीला भावाच्या दारात जायचं असतं. हिस्सा मागणाऱ्या बहिणीला माहेर तुटतं, हे आपण मुलींना न बोलता शिकवतो.

भावांची बाजू खोटी आहे असं मी म्हणत नाही. आईवडिलांचं आजारपण बहुतेक वेळा घरी राहिलेल्यानेच काढलेलं असतं. वारस वाढत जातात, निम्मे लंडन-लिस्बनला, एकाची सही राहिली तर वर्षानुवर्षं इन्व्हेंटरीची, म्हणजे वारसांतल्या वाटणीची, केस कोर्टात चालते आणि घराचं छप्पर खाली येतं. समजून-उमजून हिस्सा सोडणारी बहीण आपला हक्कच बजावत असते. मी माझा सोडलेला नाही, आणि भावाशी माझं उत्तम चाललंय. माझं म्हणणं फक्त त्या समजून-उमजून या दोन शब्दांपुरतं आहे.

२०२१ मध्ये पर्वरीला उच्च न्यायालयाच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला तेव्हाचे सरन्यायाधीश शरद बोबडे यांनी गोव्याच्या कायद्याची वाखाणणी केली होती आणि चर्चा करणाऱ्या विद्वानांना सांगितलं होतं की, इथे येऊन तो कसा चालतो ते पाहा. गोव्यातल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना तर कुठून यायचीही गरज नाही, तालुक्याचं ऑफिस बसच्या अंतरावर आहे. कॉलेजांच्या कायदा साहाय्य केंद्रांनी आठवड्यातून एक सकाळ तिथे बसावं. हक्कसोडीला आलेल्या बाईला बाजूला घेऊन, भाऊ आणि नवरा बाहेर थांबलेले असताना, दस्त तिला कोकणीत किंवा मराठीत समजावून सांगावा: सर्व्हे नंबर कुठला, त्यात काय काय येतं, एकदा सही केली की ती सहजासहजी मागे घेता येत नाही. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषा केलं आणि मराठीलाही सरकारी कामात जागा दिली. मग निदान या एका दस्ताची प्रत त्या भाषांत का मिळू नये, हा सरकारी धोरणाचाच प्रश्न आहे आणि तो सरकारला मुलांनीच विचारायला हवा.

भाचीला मी आणखी एक काम सांगितलंय. हे दस्त नोंदलेले असतात. एका तालुक्यातले, एका वर्षाचे घ्यायचे आणि हक्क सोडणाऱ्यांत बायका किती, पुरुष किती, एवढंच मोजायचं. माहिती अधिकारात अर्ज करायला ती तयार आहे. वर्गातल्या आणखी दोघींना बरोबर घेते म्हणाली. आकडा हातात आला की त्याच न्यायाधीशांना पुन्हा बोलवायचं आणि सुरुवात त्या आकड्यापासून करायची, असं त्यांचं ठरलंय.