पाच वर्षं की तीन, हे ठरवणार कोण?

निर्मला सीतारामन यांनी २०२५ च्या अर्थसंकल्पात गुंतवणूक करारांचा, म्हणजे दोन देश एकमेकांच्या गुंतवणूकदारांना संरक्षण देण्यासाठी जे करार करतात त्यांचा, भारताचा नमुना मसुदा परदेशी गुंतवणूकदारांना अधिक अनुकूल करू, असं जाहीर केलं आणि मायदेशातला जुना वाद पुन्हा पेटला. परदेशी कंपनीने भारत सरकारला लवादापुढे खेचणं हा सार्वभौमत्वावर घाला आहे, असं एक बाजू म्हणते. दुसरी म्हणते, हे संरक्षण नसेल तर भांडवल येणार नाही. असे लवाद जिथे वरचेवर बसतात त्या नेदरलँड्समधल्या हेगमध्ये राहून हे सगळं वाचताना वाटतं, मुख्य प्रश्न दोन्हीकडून निसटतो आहे.

सध्याची खेचाखेच मुदतीवर आहे. २०१५ च्या मसुद्यानुसार गुंतवणूकदाराने आधी भारतीय न्यायालयात जायचं आणि पाच वर्षं दाद मागायची. त्यातून काही निघालं नाही तर वादाची नोटीस द्यायची, सहा महिने तडजोडीचे प्रयत्न करायचे आणि मग लवादाकडे वळायचं. कर आकारणी या करारातून वगळलेली आहे. २०२४ मध्ये संयुक्त अरब अमिरातीशी केलेल्या करारात पाचाची तीन वर्षं झाली.

न्यायालयं वेळेत निकाल देत नसतील तर दोन्ही आकडे पोकळ आहेत. व्हाइट इंडस्ट्रीज या ऑस्ट्रेलियन कंपनीने २००२ मध्ये कोल इंडियाविरुद्ध सुमारे ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा निवाडा मिळवला. तो रद्द करावा म्हणून कोल इंडिया कोलकात्यात गेली, तर अंमलबजावणीसाठी कंपनी दिल्लीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलं आणि तिथेच रेंगाळलं. शेवटी २०११ मध्ये गुंतवणूक लवादाने भारताला जबाबदार धरलं, तेही कुवेतशी केलेल्या करारातलं, दाद मागण्याच्या परिणामकारक सोयीचं कलम उचलून. ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारात ते नव्हतं, पण सर्वाधिक पसंतीच्या राष्ट्राचं कलम होतं, म्हणजे दुसऱ्या देशाला दिलेली सवलत आपल्यालाही मागता येण्याचं, आणि त्या दारातून ते आत आलं. २०१५ च्या मसुद्यात हे दार बंद केलं ते योग्यच. पण विलंबाचं काय? व्यापारी न्यायालयांत पुरेसे न्यायाधीश नेमल्याशिवाय मुदत तीन वर्षांची ठेवली काय किंवा पाचाची, कंपनी तेवढा काळ फक्त वाट पाहते.

दुसरी गोष्ट महाराष्ट्राने विसरू नये अशी आहे. करारावर सही दिल्लीची असते, पण वाद अनेकदा राज्याच्या निर्णयातून उभा राहतो. दाभोळची वीज घेणं २००१ मध्ये थांबवलं ते महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने. त्या प्रकल्पातल्या भागीदार बेक्टेल आणि जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपन्या. अमेरिकेशी भारताचा असा करार नव्हता. त्यांनी मॉरिशसमधल्या आपल्या कंपन्या पुढे केल्या आणि भारत-मॉरिशस कराराखाली दावा लावला. कर्ज देणाऱ्या परदेशी बँकांनी आपापल्या देशांचे करार काढले. २००५ मध्ये तडजोड झाली. राज्याच्या मंडळाचं कृत्य आंतरराष्ट्रीय कायद्यात देशाचं कृत्य ठरतं, आणि तरीही करार करताना राज्यांना विचारण्याची पद्धत आपल्याकडे नाही.

नेदरलँड्स या व्यवहारात दोन्ही बाजूंना उभा आहे. व्होडाफोन ब्रिटिश, पण मागच्या व्यवहारांवर नंतर लावलेल्या पूर्वलक्षी कराविरुद्ध तिने डच कंपनीमार्फत भारत-नेदरलँड्स कराराखाली दावा केला आणि २०२० मध्ये तो जिंकला. त्याआधीच डच सरकारने आपला नमुना बदलला होता: नुसत्या पाटीपुरत्या कंपनीला संरक्षण नाही, देशात भरीव व्यवसाय हवा. उलट बाजूने, २०३० पर्यंत कोळशावरची वीज बंद करण्याचा कायदा झाल्यावर आरडब्ल्यूई या जर्मन कंपनीने ऊर्जा क्षेत्रातल्या गुंतवणुकीला संरक्षण देणाऱ्या बहुराष्ट्रीय ऊर्जा सनद कराराखाली नेदरलँड्सकडेच १.४ अब्ज युरो मागितले. पुढे तो दावा मागे घेतला गेला, पण त्या करारातून देश बाहेर पडला.

मला हेवा वाटतो तो इथल्या प्रक्रियेचा. डच राज्यघटनेच्या ९१ व्या कलमाप्रमाणे संसदेच्या मंजुरीशिवाय करार देशावर बंधनकारक होत नाही. कॅनडाशी झालेला व्यापार करार, ज्यात गुंतवणूक न्यायालयाची तरतूद आहे, कनिष्ठ सभागृहात २०२० मध्ये ७२ विरुद्ध ६९ मतांनी आणि वरिष्ठ सभागृहात २०२२ मध्ये ४० विरुद्ध ३५ मतांनी मंजूर झाला. शेतकरी संघटनांपासून कायद्याच्या प्राध्यापकांपर्यंत सगळे आधी बोलले. भारतात करार करणं हे सरकारच्या अखत्यारीत येतं. संसद लागते ती अंमलबजावणीसाठी कायदा करावा लागला तरच. म्हणून मजकूर बहुधा सही झाल्यावरच सर्वांपुढे येतो.

रद्द केलेले करारही लगेच संपत नाहीत, ही त्यातली आणखी एक अडचण. २०१६-१७ मध्ये भारताने डझनावारी करार संपवले, पण त्याआधीच्या गुंतवणुकीला त्यांचं संरक्षण त्यानंतर साधारण दहा ते पंधरा वर्षं राहतं. म्हणजे आज मंत्रालयात घेतलेल्या एखाद्या निर्णयावर १९९० च्या दशकातलं कलम लागू होऊ शकतं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. नवा मसुदा अंतिम होण्याआधी संसदेच्या समितीपुढे यावा. वीज, खाणी, बंदरं आणि जमीन या विषयांवर राज्यांचं लेखी मत घ्यावं, आणि कोणत्या राज्याची कोणती परवानगी कोणत्या करारात अडकते याची यादी मुख्य सचिवांच्या टेबलावर असावी.