"खरे निर्वासित असते तर विमानाने आले असते" म्हणे

परत तोच मेसेज फिरतोय: भूमध्य समुद्रातून युरोपात येणारे खरे निर्वासित नसतातच, हातात स्मार्टफोन, दलालाला द्यायला हजारो युरो, बहुतेक तरुण पुरुष, आणि बचावाची जहाजं टॅक्सीसारखी उभी असतात म्हणून येतात, सगळ्यांना, बऱ्याच बोटी जिथून सुटतात त्या लिबियाला परत सोडा. बरं, बघू.

पैशाचं आधी. पैसे आहेत तर विमानाने का नाही? कारण विमानात कोणी चढूच देत नाही. 2001 चा युरोपियन युनियनचा नियम आहे, व्हिसा नसलेला माणूस आणला की एअरलाइनला दंड, वर त्याला परत न्यायचा खर्चही तिच्याच माथी. निर्वासितांच्या हक्कांना धक्का नाही असं त्यात लिहिलंय खरं, पण खरा निर्वासित कोण हे चेक-इन काउंटरवरचा माणूस कशाला ठरवत बसेल, तो सरळ नाही म्हणतो. तुर्कस्तानातल्या आयवालिकहून ग्रीसच्या लेस्बोस बेटावर साधी फेरीबोट जाते, टुरिस्ट तिकीट काढून आरामात जातात, आणि 2015 मध्ये तेवढंच पाणी ओलांडायला सीरियन माणूस रबरी बोटीसाठी हजारेक युरो मोजत होता. हौस म्हणून?? त्यात लाइफ जॅकेटही नकली. जानेवारी 2016 मध्ये तुर्कस्तानातल्याच इझमीरला पोलिसांनी कारखान्यावर धाड टाकून हजाराहून जास्त जप्त केली, आत पॅकिंगचा फोम, म्हणजे तरंगायचं सोडून पाणी शोषणारा.

फोनचं काय बोलायचं. बुडताना लोकेशन कशावरून पाठवणार, पत्रावर? आणि पुरुष जास्त असतात हे खरंय, कारण बऱ्याचदा घरात एकाच्याच प्रवासापुरते पैसे जमतात, बाकीच्यांना तो नंतर बोलावून घेणार असतो.

आता टॅक्सी. ऑक्टोबर 2013 मध्ये इटलीच्या लाम्पेदूसा बेटाजवळ बोट बुडून साडेतीनशेच्या वर माणसं गेली, मग इटलीने 'मारे नोस्त्रुम' नावाचं नौदलाचं बचावकार्य सुरू केलं. म्हणजे आधी मढी आली, जहाजं नंतर. महिन्याला साधारण 90 लाख युरो खर्च, वर्षभरात लाखाहून जास्त लोक वाचवले, आणि हेच "टॅक्सी, टॅक्सी" ओरडून 2014 च्या शेवटी ते बंद केलं. त्याजागी जे आलं त्याचं बजेट जेमतेम एक तृतीयांश. लोक थांबले का? एप्रिल 2015 मध्ये एकाच बोटीवर सुमारे 800 मेले. 2011 ते 2020 चे आकडे तपासणारा अभ्यास 2023 मध्ये आला, त्यातही बचावकार्यामुळे निघणारे वाढतात असं काही सापडलं नाही. आणि या "टॅक्सी"त बसायच्या आधीची अवस्था ऐका, रबरी बोटीच्या तळाशी सांडलेलं पेट्रोल खाऱ्या पाण्यात मिसळतं आणि कातडी भाजून निघते, यात बायका जास्त, कारण सुरक्षित म्हणून त्यांना मध्ये तळाशीच बसवलेलं असतं.

राहिलं लिबिया. त्या देशाने 1951 च्या निर्वासित करारावर सहीच केलेली नाही, तिथे परत म्हणजे थेट कोठडी. आणि हा प्रयोग झालाय! 2009 मध्ये इटलीने सोमाली आणि एरिट्रियन लोकांना भर समुद्रातून उचलून लिबियातल्या त्रिपोलीला नेऊन सोडलं. त्यातले 24 जण युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेले आणि 2012 मध्ये निकाल इटलीच्या विरोधात लागला, माणशी 15 हजार युरो भरपाई. निकाल लागला तोवर त्यांच्यातले दोघे मेले होते, कसे ते कोर्टालाही कळलं नाही.