माओवादी, पण कुठले?

आमच्या शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रात कडव्या डाव्या संघटनांविरुद्धचं जनसुरक्षा विधेयक पास झालं तेव्हापासून एक वाद काही केल्या मिटत नाहीये. एक पार्टी म्हणते सगळे डावे म्हणजे माओवादी आणि माओवादी म्हणजे चीनचे हस्तक, दुसरी म्हणते चीन बघा, कम्युनिस्ट असून कुठच्या कुठे गेला. मी इथे लीड्सला बसून दोन्ही वाचतो आणि डोक्याला हात लावतो, कारण दोघांच्याही डोक्यातला चीन एकच आहे, एकसंध, आणि तसा तो कधीच नव्हता.

ह्याच लीड्समध्ये १९७५ पासून २००२ ला वारेपर्यंत वांग फानशी नावाचा एक म्हातारा क्रांतिकारक राहत होता. हा चिनी कम्युनिस्ट पक्षातला सुरुवातीच्या काळातला माणूस, मॉस्कोला शिकायला गेला आणि तिथे स्टालिनचा विरोधक ट्रॉट्स्की ह्याच्या बाजूचा झाला. भांडण साधं होतं. स्टालिनच्या सांगण्यावरून चिनी कम्युनिस्ट कुओमिंतांग ह्या राष्ट्रवादी पक्षाच्या आत शिरून काम करत होते आणि १२ एप्रिल १९२७ ला त्याच पक्षाच्या चँग कै शेकने शांघायमध्ये त्यांचीच कत्तल सुरू केली. चूक कोणाची? मॉस्कोने खापर फोडलं पक्षाचा संस्थापक चेन दुश्यूवर, आणि १९२९ मध्ये त्याला हाकललंच. (आपले मानवेंद्रनाथ रॉय तेव्हा मॉस्कोचे दूत म्हणून वुहानमध्येच होते आणि स्टालिनची गुप्त तार त्यांनी कुओमिंतांगच्या वांग जिंगवेईला दाखवून टाकली, असला भोळेपणा कसा केला देव जाणे.)

पुढे तर एका पक्षात चार पक्ष. ली लिसान म्हणे शहरं ताब्यात घ्या, १९३० मध्ये छांगशा घेतलंही आणि थोड्याच दिवसांत घालवलं. वांग मिंग आणि मॉस्को-रिटर्न मंडळी म्हणे आम्ही पुस्तक वाचून आलोय, आमचं ऐका. माओ म्हणे शेतकरी धरा, खेड्यांनी शहरांना वेढा घाला, आणि ह्या माओचं पारडं जड व्हायला १९३५ ची पक्षाची झुन्यी बैठक उजाडावी लागली. म्हणजे ज्याला आपण चिनी कम्युनिझम म्हणतो ती त्यातली फक्त जिंकलेली टीम.

हरलेल्यांचं काय झालं हे जास्त बघण्यासारखं आहे. १९४२ मध्ये येनानला, म्हणजे माओच्या पक्षाच्या मुख्य तळावर, वांग शिवेई नावाच्या लेखकाने लिहिलं की इथे कपडे तीन दर्जांचे आणि जेवण पाच दर्जांचं, समता कुठेय? झालं, ट्रॉट्स्कीवादी म्हणून शिक्का बसला आणि १९४७ मध्ये त्याला मारून टाकलं. त्याच १९४२ च्या डिसेंबरात सोलापूरचे डॉ. कोटणीस चीनच्या हेबेई प्रांतात वारले, ते आपल्या शाळेच्या पुस्तकात आले, वांग शिवेई कोणाच्याच पुस्तकात नाही. वांग फानशी तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या मकावला होता म्हणून वाचला, पण डिसेंबर १९५२ मध्ये चीनमध्ये मागे राहिलेले त्याचे जवळजवळ सगळे ट्रॉट्स्कीवादी साथी एका रात्रीत उचलले गेले, त्यातला झेंग चाओलिन आधी चँग कै शेकच्या तुरुंगात सात वर्षं काढून आलेला, कम्युनिस्टांच्या राज्यात त्याने आणखी सत्तावीस काढली, १९७९ मध्ये सुटला.

आता 'चीनचे हस्तक' वाल्यांसाठी. १९६७ मध्ये नक्षलबारीचं पेकिंगने तोंडभरून कौतुक केलं हे खरंय. पण नक्षलवादी नेते चारू मजुमदारांच्या लोकांनी 'चीनचा चेअरमन तोच आमचा चेअरमन' अशी घोषणा दिली तेव्हा १९७० मध्ये खुद्द चीनचा पंतप्रधान चौ एन लायने त्यांच्या माणसाला सुनावलं की असं म्हणू नका. आणि आजचं बोलायचं तर २०१८ मध्ये शेनझेनच्या जासिक कंपनीतले कामगार युनियन काढायला लागले, त्यांच्या पाठिंब्याला पेकिंग युनिव्हर्सिटीतली मार्क्सवादी पोरं गेली, हातात माओचे फोटो, तर त्यातल्या बऱ्याच जणांना पोलिसांनी उचललं. तिथल्या विद्यार्थी मार्क्सवादी संघटनेच्या अध्यक्षाला तर २६ डिसेंबरला, म्हणजे माओच्या वाढदिवशीच, जयंतीला निघाला असताना धरला. म्हणजे खुद्द चीनमध्येही माओवादी असणं आता धोक्याचं आहे, आणि आपले लोक विचारतात बीजिंगवरून पैसे कोण पाठवतंय.

आणि 'चीन बघा' वाल्यांनी हेही बघावं की तिथे स्वतंत्र युनियन काढता येत नाही, इथे माझ्या ऑफिसात संपाची नोटीस बोर्डावर लागते आणि मॅनेजर तिच्याच शेजारी उभा राहून कॉफी पितो.

ग्रुपवर एकाने विचारलं, मग तू कोणाच्या बाजूने? मी म्हटलं, चेन दुश्यूच्या, तोही शेवटच्या दोन वर्षांतला. १९४० ते ४२, सिचुआनच्या एका गावात आजारी, कफल्लक, आणि लिहितोय काय, तर भाषण, सभा, संप आणि मुख्य म्हणजे विरोधी पक्षाचं स्वातंत्र्य नसेल तर कामगारांची लोकशाही नुसती नावाची. हे त्याच्या ट्रॉट्स्कीवादी मित्रांनाही पटलं नाही, वांग फानशीलासुद्धा नाही. ग्रुपवर उत्तर आलं, म्हणजे तू पण माओवादीच.