प्रियकर की चाळण?

शब्दांमध्ये जागा सोडणं हे फ्रेंच छापखान्याचं काम. फ्रेंच तोंडाने तसा करार कुठे केलेला नाही. पॅरिसची बाई ‘पतितामी’ म्हणाली, की आपण पती शोधावा की पतित? ‘पतित आमी’ म्हणजे प्रियकर, ‘पति तामी’ म्हणजे छोटी चाळण. उच्चार तोच. अभिनंदन करायचं की पीठ आणून द्यायचं, हे संदर्भ पाहून ठरवा. ‘औषध नलगे मजला’वर शाळेत हसलो होतो ना आपण? तिकडे रोजच सभंग श्लेष.

खोडी मुक्या व्यंजनाची. एरवी नुसतं लिहायचं ‘त’, पण पुढे स्वर आला की खडबडून उठतं आणि शेजारच्या शब्दात जाऊन बसतं. याला म्हणतात लिएझाँ. बहुतेक वेळा झ, न, त हीच तिघं असतात. म्हणून शब्द झ-ने सुरू झालासा वाटला, की मी आधी त्या झ-वरच संशय घेतो. झ-ने सुरू होणारे फ्रेंच शब्द मोजकेच. ‘लेझामी’तला झ उपटा, खाली ‘आमी’ म्हणजे मित्र. मात्र वीरांना ‘ले एरो’ असंच तोडून म्हणायचं. तिथे झ घुसला तर ‘लेझेरो’, म्हणजे समस्त वीर शून्य!

वेळ सांगताना तर कहरच. बारा वाजता ‘दूझर’, दोन वाजता ‘दझर’. या ‘द’चा स्वर ओठांचा चंबू करून ‘ए’ म्हटल्यासारखा. तेवढा निसटला, की दुपारच्या जेवणाला आपण भांडी घासायच्या वेळी पोचतो.

मग तिथली माणसं तोडतात कुठे? शब्दाशब्दाला नाहीच. चार-पाच अक्षरांचा घोळका जातो, त्याचं शेवटचं अक्षर लांबतं. पहिली कात्री तिथे. आतले तुकडे सुरावर. ‘लाफिश’मधला ‘ला’ जरा चढा लागला तर ‘ल् आफिश’, म्हणजे भिंतीवरचं पोस्टर; नाहीतर ‘ला फिश’, नोंदीचं कार्ड. ‘दर्न्येरोन्यों’ म्हणजे शेवटचा कांदा (‘दर्न्येर ओन्यों’) किंवा शेवटचा गुर्दा (‘दर्न्ये रोन्यों’). लिएझाँचा र किंचित आखूड असतो, हे 2003 साली प्रयोगात मोजलं गेलंय. खाटकाच्या दुकानात मोजून पाहा!

आणि त्यांचंही चुकतंच. आयव्हीच्या वेलीला पूर्वी ‘इएर’ म्हणत. उपपद ‘ल्’ चिकटून ‘लिएर’ झालं, ते कुणाला सोडवता आलं नाही. शेवटी पुढे आणखी एक ‘ल’ लावला. आता ‘ल लिएर’.