४० सेकंदांसाठी पैसे मोजावेत का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. टीनेज इंजिनिअरिंग या कंपनीचा पीओ-३३ हा खिशात मावणारा सॅम्पलर, म्हणजे आवाज भरून घेऊन बटणांवर वाजवू देणारं यंत्र, ‘नवशिक्याने डोळे मिटून घ्यावा’ असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ४० सेकंदांची मेमरी म्हणजे थट्टा आहे, ८ बिटचा आवाज खेळण्यातला आहे, फोनवरचं फुकट अ‍ॅप याहून जास्त करतं, आणि अशी शिफारस करून मी लोकांना खर्चात पाडतोय. शेवटी तुम्ही विचारलंत, यावर आजवर एक तरी गाणं पुरं केलंत का? त्या प्रश्नाकडे येतोच. आधी आवाजाबद्दल, कारण तिथे तुमचं म्हणणं मला अर्धंच पटतं.

साध्या ८ बिट मुद्रणात आवाजाच्या पातळीला २५६ पायऱ्या असतात, सगळ्या सारख्या उंचीच्या. मोठा आवाज त्यात निभावून जातो. विरत जाणारा आवाज मात्र शेवटच्या चार-दोन पायऱ्यांवर घुटमळतो आणि खरखरायला लागतो. तुमच्या कानात आहे तो हा ८ बिट. पीओ-३३ मध्ये म्यू-लॉ पद्धत आहे. पायऱ्या तितक्याच, पण हळू आवाजाच्या बाजूला दाट आणि मोठ्या आवाजाच्या बाजूला विरळ. टेलिफोनसाठी १९७२ साली आलेल्या जी.७११ या मानकात हीच युक्ती आहे; तिथे १४ बिटांचा आवाका ८ बिटांत बसवला जातो. काचेच्या पेल्यावर टिचकी मारून तो नाद यात भरून पाहा. शेवटापर्यंत तो बऱ्यापैकी शाबूत राहतो.

तुमचा बरोबर असलेला अर्धा भाग वेगळ्याच आकड्यात आहे. हे यंत्र सेकंदाला आवाजाचे २३,४३७ नमुने घेतं. त्यामुळे त्याच्या निम्म्याच्या, म्हणजे साधारण ११,७०० हर्ट्झच्या वरचं काही त्यात शिरूच शकत नाही. झांजेची वरची चकाकी जाते, पावसाच्या आवाजातला मोकळेपणा जातो. हे मी लेखात लिहायला हवं होतं. ज्याला भोवतालचे आवाज जसेच्या तसे टिपायचेत, त्याने हे घेऊ नये.

आता मेमरी. एक नमुना म्हणजे ८ बिट, म्हणजे एक बाइट. २३,४३७ ला ४० ने गुणा. दहा लाख बाइटसुद्धा होत नाहीत. सीडीच्या दर्जाचा एका मिनिटाचा मोनो आवाज ५२,९२,००० बाइट खातो. म्हणजे जागा तोकडी आहे, यात वादच नाही. तोकड्या जागेतून थोर संगीत निघतं, असाही माझा दावा नाही. १९८७ साली आलेल्या ई-म्यू एसपी-१२०० या सॅम्पलरमध्ये सगळी मिळून १० सेकंदं होती. हिप-हॉपवाले ३३⅓ फेऱ्यांची तबकडी ४५ वर फिरवायचे, ते भरून घ्यायचे आणि यंत्रात त्याचा वेग पुन्हा खाली उतरवायचे. १० सेकंदांत साडेतेरा सेकंदांचा ऐवज मावायचा आणि वर एक जाडाभरडा पोत मिळायचा. पण कुणी जास्त मेमरी देऊ केली असती, तर त्यांनी ती आनंदाने घेतली असती.

मला एवढंच म्हणायचंय की ४० सेकंदं कशासाठी वापरायची, यावर सगळं ठरतं. यात १६ कप्पे आहेत, ८ सुरांचे आणि ८ तालाचे. प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी अडीच सेकंदं येतात. टेबलावरची थाप अर्ध्या सेकंदातही संपते. पहिल्या आठवड्यात मी २० सेकंदं पाऊस भरला होता. निम्मी जागा गेली आणि वाजवण्यासारखं हाती काहीच लागलं नाही. मग पाऊस पुसला आणि दाराच्या कडीचा एकच ‘खट्’ ठेवला. तो अजून वापरतोय.

पैसे मी या ‘खट्’साठी मोजले, असं मला वाटतं. कडी ऐकू आली की यंत्र उचलायचं, रेकॉर्डचं बटण आणि एक आकडा दाबून धरायचा, सोडायचा. झालं. सुराच्या कप्प्यात भरलं असेल तर तोच आवाज वेगवेगळ्या उंचीवर बोटांखाली येतो. तालाच्या कप्प्यात भरलं असेल तर यंत्र स्वतःच त्याचे तुकडे पाडून बटणांवर वाटून देतं. मग एकेक तुकडा क्रमात बसवत जायचं. नवशिक्याला सॅम्पलिंग म्हणजे काय, हे मी शब्दांत सांगून कधी कळलेलं नाही. किल्ल्यांचा जुडगा हलवून दाखवला की कळतं. अ‍ॅपमध्ये हे सगळं होतं आणि मेमरीची चिंताही नसते, हे मान्य. पण काचेच्या सपाट पडद्याला कडा नसते. ताल बसवताना बोटाला बटण न बघता सापडावं लागतं, नाहीतर सगळं लक्ष डोळ्यांत जातं आणि कान मागे राहतो.

बटणांबद्दलही खरं सांगायचं तर ती इवलीशी आहेत आणि किती जोराने दाबलं हे त्यांना कळत नाही. हळू थाप आणि जोरकस थाप सारखीच वाजते. जो आधीपासून संगणकावर संगीत करतो, त्याने त्याच पैशांत संगणकाला जोडायचा, दाब ओळखणारा पॅड कंट्रोलर (बटणांची पाटी) घ्यावा. इथे मी पूर्ण तुमच्या बाजूचा आहे.

उलट दोन मोठे दोष तुमच्याही नजरेतून सुटले. एक, याला यूएसबी नाही. संगणकावरची फाइल थेट आत टाकता येत नाही. वायरीतून वाजवून भरावी लागते. भरलेलं जपून ठेवायचं तर यंत्र सगळा डेटा आवाजाच्या रूपात वाजवतं आणि तो दुसरीकडे रेकॉर्ड करून ठेवावा लागतो. दोन, सर्किट उघडं असतं आणि त्याचं कव्हर वेगळं विकत घ्यावं लागतं. खिशात घेऊन फिरायचं असेल, तर कव्हरची किंमत धरूनच हिशेब करायला हवा. मी तो धरला नव्हता.

आता तुमचा प्रश्न. नाही, फक्त पीओ-३३ वर मी एकही गाणं पुरं केलेलं नाही. तीन गाणी त्यावर सुरू झाली आणि संगणकावर पुरी झाली. त्यातल्या दोन गाण्यांत कडीचा तो ‘खट्’ आहे. तिसऱ्यात घरातल्या एका लहान मुलीचं ‘हं’ आहे. तिनेच भरलं आणि कुठल्या ठोक्यावर यावं हेही तिनेच ठरवलं.

लेखातलं ‘डोळे मिटून’ हे मी काढलंय. आता तिथे असं आहे: ‘ज्याने अजून एकही आवाज स्वतः भरून वाजवलेला नाही आणि ज्याच्या टेबलावर संगणकाचा पॅड कंट्रोलर नाही, त्याने घ्यावा, कव्हरचे पैसे धरून परवडत असेल तरच.’ खाली दुरुस्तीची तारीख टाकली आहे आणि ती तुमच्या प्रतिक्रियेमुळे झाली, हेही लिहिलंय.